हनुवटीची गाठ

सकाळी दहाच्या उन्हात, ग्वायाकिल बंदरातल्या न्यायवैद्यक कचेरीमागच्या गल्लीत, टपरीवर निदिया लोरच्या शेजारी माशाच्या रश्शाचा वाडगा पुढ्यात घेऊन बसलेला म्हातारा मेला. मेला म्हणजे काय, लिंबू पिळता पिळता थांबला. निदियाला आधी वाटलं, रश्शात बी पडली असेल, ती शोधतोय. मग त्याचं डोकं हळूच भिंतीला टेकलं, तोंड उघडं पडलं, आणि केळ्याचे काप तळणाऱ्या पोरीने झारा खाली ठेवला. निदिया डॉक्टर नव्हती, मनाची डॉक्टर होती. तरी तिने मनगट धरलं, गळ्याशी बोटं लावली. संपलं होतं. लोक जागचे हलेनात. तेवढ्यात बसच्या रांगेतून एक बाई आली. साठीची असेल, पायात रबरी सपाता, हातात कांद्याच्या पातीने भरलेली पिशवी. तिने पिशवी खाली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडला, तो म्हाताऱ्याच्या हनुवटीखालून घेतला, वर टाळूवर जरा डावीकडे गाठ मारली आणि रुमालाची टोकं आत खोचून टाकली. डोळे मिटवले. हातावर हात ठेवले. पिशवी उचलली, रांगेत गेली, बस आली, चढली. सगळं इतक्या सहज, जसं कुणी टेबल पुसून जावं. मग शिपाई आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "हे फडकं कुणी बांधलं?" टपरीवाला रस्सा ढवळत म्हणाला, "काय ठाऊक साहेब. आम्ही बघितलं तेव्हा होतंच." शिपायाने निदियाच्या गळ्यातलं सरकारी ओळखपत्र पाहिलं आणि अदबीने तिला विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंत?" आणि निदिया लोर, खुनांच्या तपासावर पगार घेणारी, कोर्टात शपथेवर बोलणारी निदिया लोर, जराही न चाचरता म्हणाली, "नाही बुवा. मी नाही पाहिलं."

रस्ता ओलांडेपर्यंत तिला काही वाटलं नाही. कचेरीच्या दारात मात्र तिचे पाय थबकले. आपण खोटं का बोललो? कुणी सांगितलं होतं? कुणाला वाचवायचं होतं? म्हातारा आपल्या मरणाने मेला होता, त्या बाईने पुण्याचं काम केलं होतं, तिला कुणी पकडणार नव्हतं. तरी तोंड आपलं आपणच मिटलं होतं. जणू तोंडाला तिच्याआधीच काहीतरी माहीत होतं. तिला घाम फुटला. ग्वायाकिलमध्ये घाम फुटण्यात नवल नाही, खाडीवरून येणारी हवाही इथे घामेजलेलीच येते. पण हा घाम वेगळा होता, थंड, पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा. जिना चढून ती आपल्या खोलीत आली, पंखा लावला, आणि कपाटातली ती एकच फाईल काढली, जी तिने इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटूनही दिसायची. वरच फोटो होता. फिल्मा मोरेइरा, निवृत्त शिक्षिका, आपल्याच पलंगावर. गळ्यावर बोटांच्या खुणा. हातावर हात. डोळे मिटलेले. हनुवटीखालून निळ्या ठिपक्यांचा रुमाल, गाठ टाळूवर, जरा डावीकडे, टोकं आत खोचलेली.

बाई गं, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गळा दाबून केलेले खून हा निदियाचा अभ्यास. लोकांना सांगितलं की लोक खुर्ची मागे सरकवत. लग्नांत तिला कुणी शेजारी बसवून घेत नसे. पण तिला त्यात एक गोष्ट दिसायची जी दुसऱ्या खुनांत नव्हती. गोळी लांबून मारता येते, सुरा पळता पळता मारता येतो. गळा दाबायला जवळ यावं लागतं, आणि जवळच थांबावं लागतं. त्या थांबण्यात माणूस आपलं काहीतरी मागे ठेवून जातो, असं मानून ती किनारपट्टीवरच्या जुन्या फायली वाचत आली होती. कुणी काय मागे ठेवलं यावरून ठेवणारा कसा असेल, हे ओळखायचं. तिचे वरिष्ठ डॉक्टर पारेदेस यांनी हे शास्त्र परदेशात जाऊन शिकून आणलं होतं. राजधानी कीतोचा माणूस, डोंगरातला, बोलणं थंड, शर्टाची घडी कधी मोडायची नाही. फिल्मा मोरेइराच्या प्रकरणात त्यांनी लिहून दिलं होतं : मारेकऱ्याने प्रेताची आईसारखी काळजी घेतली आहे. पश्चात्ताप स्पष्ट दिसतो. परका माणूस मारतो आणि पळतो. जो थांबून डोळे मिटवतो, हनुवटी बांधतो, तो घरचा. घरचं एकच माणूस होतं, फिल्माबाईंनी वाढवलेला भाचा, वॉशिंग्टन बाझुर्तो, कोळंबीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा, घर विकण्यावरून आदल्या आठवड्यात मावशीशी भांडलेला. कामावरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तो कुठे होता हे सांगायला कुणी नव्हतं. सकाळी प्रेत पाहिलं ते शेजारच्या ओब्दुलिया बाईंनी. पोलिसांनी त्यांना विचारलं, काही आवाज ऐकला? नाही. कुणाला पाहिलं? नाही. त्यांनी काय केलं हे कुणी विचारलंच नाही. खिडकीच्या चौकटीवर परक्या बोटांचे ठसे होते, पण संशय घरच्या माणसावर असल्यामुळे ते ठसे कुणी कशाशी ताडून पाहिले नाहीत. सव्वीस वर्षं, सरकारी वकील मागत होता. परवा सुनावणी होती. बचावाच्या वकिलाने निदियाला साक्षीला बोलावलं होतं, कारण पारेदेस यांच्या निष्कर्षाबद्दल आपल्याला शंका आहे असं ती एकदा कुठेतरी बोलून गेली होती. शंका! शंकेवर कोर्टात काय सांगायचं, या काळजीने तिला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. म्हणून तर आज रस्सा प्यायला गेली होती.

पंखा फिरत होता, आणि निदिया अकरा वर्षांची झाली होती. मानाबी प्रांताच्या डोंगरातलं, शेंगदाणे वाळत घातलेलं अंगण. बाबांना आत झोपवलं होतं आणि त्यांच्या हनुवटीला फडकं बांधलं होतं, दाढ दुखत असल्यासारखं. तिला हसू आलं होतं. खरंच आलं होतं, कारण बाबा इतके रुबाबदार, घोड्यावर बसले की आख्खी वाट अडवणारे, आणि आता हे असं. तिने तेओला मावशीला विचारलं, "बाबांना हे कुणी बांधलं?" आणि मावशीने, जिने तिला कधी बोट लावलं नव्हतं, सण्णकन थोबाडीत दिली. "बांधणारीचं नाव विचारायचं नसतं! विचारलं की मेलेला अडकतो. उपकार फेडल्याशिवाय जाऊ देत नाहीत वर." मग मावशी तिला कुशीत घेऊन स्वतःच रडली. दुसऱ्या वर्षी आई तिला घेऊन शहरात आली. शाळेत पोरं तिच्या बोलण्याला हसायची, डोंगरी म्हणायची, तेव्हा तिने ते बोलणं टाकलं, शेंगदाण्याची आमटी टाकली, सगळं टाकलं. आणि ते टाकलेलं सगळं आज टपरीवर तिच्या तोंडात येऊन बसलं होतं. ती रडली नाही. तिला भयंकर आनंद होत होता, उकळी फुटत होती आतून, आणि त्या आनंदाची तिला भीतीही वाटत होती, कारण तुरुंगात एक पोरगा बसलेला होता.

तिने फायली काढल्या. सगळ्या. जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर बसली. आजवर ती मारेकऱ्यांच्या रांगा लावत होती. आता तिने प्रेत पहिल्यांदा पाहणाऱ्यांच्या लावल्या. शिपायाने पाहिलेलं प्रेत : हनुवटी उघडी. नवऱ्याने पाहिलेलं : उघडी. भाडेकरू पोराने पाहिलेलं : उघडी. शेजारची म्हातारी, मूळ गाव मानाबीच्या डोंगरात : बांधलेली. मावशी, मानाबी : बांधलेली. कपडे धुणारी, मानाबी : बांधलेली, आणि गाठ डावीकडे. पकडलेला मारेकरी कधी नवरा निघाला होता, कधी चोर, कधी दारूच्या नशेतला अनोळखी. मारेकरी बदलत होता, गाठ बदलत नव्हती. संध्याकाळ होण्याआधी ती पारेदेस यांच्या दारात उभी होती, गुडघे धुळीने माखलेले, केस विस्कटलेले.

"काय गं, फायलींवर लोळत होतीस का?"

"सर, तुमचा पश्चात्ताप मारेकऱ्याचा नाही. पाहणारीचा आहे. म्हणजे पश्चात्तापच नाही तो, रीत आहे."

पारेदेस यांनी ऐकून घेतलं. माणूस अहंकारी होता, पण ऐकायचा. मग चष्मा काढून म्हणाले, "सुंदर आहे. खरंच सुंदर. पण निदिया, त्या बाईचा जबाब कुठे आहे? तिने बांधलं असं ती म्हणते का?"

"ती म्हणणार नाही. म्हणायचं नसतं."

"मग कोर्टाला काय सांगशील? लहानपणी मला मावशीने थोबाडीत मारली होती?" ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "तिच्या तोंडून आण. आणलंस तर मी स्वतः उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दक्षिणेकडच्या वस्तीत गेली. ओब्दुलिया बाई दारात खुर्ची टाकून हिरवी केळी सोलत बसल्या होत्या. चाकू थांबला नाही. "पुन्हा पोलीस?"

"पोलीस नाही, आजी. मी निदिया. लोर."

"कुठले लोर?"

"वरच्या खिंडीतले. तेओला माझी मावशी."

आता चाकू थांबला. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तेओलाची भाची? आणि ही अशी पाटलोण घालून? ये, बस. खाल्लंस का काही? काटकुळी झालीयस नुसती." तिच्या हातात केळ्याचा गरम गोळा आला, आत चीज, आणि निदिया खाऊ लागली, तोंड भाजलं तरी खातच राहिली. किती वर्षांनी. मग तिने हळूच विषय काढला आणि ओब्दुलिया बाईंचं तोंड मिटलं, अगदी कालच्या टपरीवाल्यासारखं.

"मला काही ठाऊक नाही."

"आजी, तो पोरगा जन्मभर आत जाईल."

"मला काय कळत नाही होय?" म्हातारी एकदम ओरडली. डोळे भरून आले. "या मांडीवर खेळलाय तो! माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण फिल्मा माझी मैत्रीण होती. चाळीस वर्षं एका भिंतीला भिंत. मी बोलले की ती अडकली. मेल्यावरही तिने कुणाचं देणं घेऊन फिरायचं का? सांग ना तू, शिकलेली आहेस."

निदियाच्या शिकलेल्या डोक्यात म्हणायला पुष्कळ होतं. पण थोबाडीत खाल्लेला गाल तिचाच होता, आणि तो गाल म्हातारीच्या बाजूने होता. बाबा खरंच गेले असतील का वर, की माझ्या प्रश्नाने अडकले असतील, हा विचार तिने किती वर्षं उशाखाली ठेवला होता! एकीकडे जिवंत पोरगा, एकीकडे मेलेली मैत्रीण, आणि मधे ही म्हातारी, केळ्याच्या सालींचा ढीग पायाशी घेऊन. निदिया तिच्या हातांकडे बघत राहिली. ते काळपट, चिकाने डागाळलेले हात मांडीवर नुसते पडले होते, पण बोटं हलत होती, नसलेलं फडकं घडी करत होती. हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"आजी," निदिया म्हणाली, "बोलायचं नाही ना? मग बोलू नका. कराल का?"

"काय करू?"

"जे करतात ते. सगळ्यांसमोर. एका शब्दानेही बोलायचं नाही."

"कुणाला करू? प्रेत काय बाजारात मिळतं?"

"मी मरते ना."

म्हातारीच्या खांद्यापासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं. "तेओलाचंच रक्त," ती डोळे पुसत म्हणाली. "अगदी तेच वेड."

कोर्टाची खोली कोंदट होती. यंत्राची गार हवा फक्त न्यायाधीशांच्या बाकापर्यंत पोचत होती. मधल्या खुर्चीवर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, दोन्ही बाजूंना दोन पुरुष. काचेआड वॉशिंग्टन, हातात बेड्या, मान खाली. निदियाने आपलं सगळं सांगितलं, फायली, पाहणाऱ्या बाया, गावं. ठीक सांगितलं. पण सरकारी वकील पोचलेला होता. "म्हणजे डॉक्टरबाई, तुमचं म्हणणं, एक रीत आहे, जी करणारी कबूल करत नाही, आणि जिच्याबद्दल विचारायचं नसतं. सोयीची रीत आहे!" लोक हसले. वॉशिंग्टनने मान वर केली नाही. निदियाचे कान तापले. तिने न्यायाधीशांना ती रीत करून दाखवण्याची विनंती केली, परवानगी मिळाली, आणि ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर येऊन, चपला काढून, वकिलांच्या लांबलचक टेबलावर सरळ आडवी झाली. खोलीत कुजबुज उठली. छत पिवळं होतं, एक पाल होती. तिने डोळे उघडे ठेवले, तोंड उघडं टाकलं, आणि मेली.

ओब्दुलिया बाईंच्या सपातांचा आवाज जवळ आला. आधी अंगठा आला, पापण्यांवर, खडबडीत आणि थंड, आणि पाल गेली, छत गेलं. मग रुमाल हनुवटीखालून सरकला, कानांवरून वर गेला. दात दातांवर बसले. टाळूवर, जरा डावीकडे, हलकासा हिसका. टोकं आत गेली. हात उचलले गेले, एकावर एक आले. केवढी माया होती त्या हातांत, आणि किती सवय! निदियाला वाटलं, बाबांना हेच कळलं असेल शेवटी, हेच हात, कुणाचे का असेनात. ते अडकले नसणार. एवढ्या हलक्या हाताने बांधलेला माणूस कशाला अडकेल? आणि मग तिच्या पोटातून ती उकळी वर आली, परवापासून दाबलेली. आपण जिंकलो! डोळे मिटलेले असतानाही तिला कळत होतं, कारण खोलीत कुणी खोकतदेखील नव्हतं. तिचं पोट हललं. बांधलेल्या दातांआडून हुं हुं असं हसू फुटलं. तत्क्षणी तिच्या दंडावर चापट बसली.

"गप पड," ओब्दुलिया बाई फिस्कारल्या. "मेलेल्याने हसायचं नसतं."

पायांचे आवाज आले. कुणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. कडक इस्त्रीचा वास आला, म्हणजे पारेदेस. कागद सरकला, फोटो असणार. मग त्यांचा तो थंड आवाज, आज जरा कापरा : "मॅडम, ही तीच गाठ आहे. टोकंसुद्धा. ज्याने खून केला तो थांबला नव्हता, पळाला होता. माझा निष्कर्ष चुकला, मी तो मागे घेतो. खिडकीवरचे ठसे आजच ताडायला हवेत." सरकारी वकील उसळला. "पण मग नोंदीत काय लिहायचं? या बाईने कबूल करावं! फिल्मा मोरेइराला ही गाठ कुणी बांधली, नाव हवं मला!" ओब्दुलिया बाईंचा हात निदियाच्या हातांवर होता, तो दगडासारखा घट्ट झाला. सगळं आता या एका प्रश्नावर होतं. मधल्या खुर्चीतून पांढऱ्या केसांच्या बाईंचा आवाज आला, आणि त्यांच्या शहरी बोलण्याआडून अचानक मानाबीचा एक डोंगरी हेल बाहेर डोकावला, जो निदियाने शाळेत टाकला होता.

"लिहा," त्या लेखनिकाला म्हणाल्या, "गाठ आरोपीने बांधलेली नाही. बस्स. कुणी बांधली ते विचारायचं नसतं."

त्यानंतर काय काय झालं ते निदियाने आडव्यानेच ऐकलं. तिघांनी आत जाऊन येणं, खुर्च्या सरकणं, निर्दोष हा शब्द, कुणाचा तरी हुंदका, बेड्यांच्या किल्लीची खडखड. तिने डोळे उघडले. उठून बसली. ओरडायचं होतं तिला, गावच्या शर्यतीत घोडा पहिला आला की बाबा ओरडायचे तसं, पण जबडा करकचून बांधलेला, आणि ती ओब्दुलिया बाईंकडे बोटाने खुणा करू लागली, सोडा, सोडा. म्हातारीने दोन्ही हात वर केले. बांधणारीने सोडायची नसते! मग काचेआडून वॉशिंग्टन आला, लटपटत, मनगटं चोळत, रडत. त्याला कुणीतरी पुढे ढकललं, "तू सोड रे, तू सोड!" त्याने मोकळ्या हातांनी तिच्या डोक्यावर चाचपायला सुरुवात केली. टोकं सापडेनात. त्याने इकडे ओढलं, तिकडे ओढलं. गाठ आणखीच आवळली, निदियाचे डोळे बाहेर आले. त्याने मागून पाहिलं, वाकून पाहिलं, दातांनी धरून पाहिलं. "कशी असते हो ही?" तो रडता रडता, काकुळतीला येऊन विचारू लागला. आधी लेखनिक हसला, मग शिपाई, मग पारेदेस, मग बाकावरच्या तिघांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तोंडावर हात घेतला. "आणि म्हणे यानेच बांधली होती!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सबंध खोली हसण्याने हलली. सरकारी वकील कागद गोळा करत राहिला. अखेर वॉशिंग्टनने तो रुमाल गाठीसकट वर ओढून टोपीसारखा काढला, निदियाचे केस उपटत, आणि तिच्या तोंडातून जी आरोळी निघाली ती खाली रस्त्यावरच्या बसवाल्यांनीसुद्धा मान वळवून ऐकली.